अंगठ्याखालचा समुद्र

स्क्रीनवर काळ्या शाईत काढलेला समुद्र आहे. वाचक पान वर सारतो आणि पुढची चौकट येते, पण सरळ येत नाही. ती एका अंगाला कलते, मग दुसऱ्या अंगाला झुकते. तिच्यातली माणसं कलतात, त्यांच्यावर कोसळणारा पाऊस कलतो, चौकटींची अख्खी रांगच हेलकावे खायला लागते. कानात वारा आणि पाणी भरून राहतं. थोडं थांबून पान उलटावं म्हटलं, तर उलटायला पानच नाही. समुद्र खाली, आणखी खाली पसरलेला आहे.

‘द बोट’ ही इंटरॅक्टिव्ह ग्राफिक नॉव्हेल ऑस्ट्रेलियाच्या एसबीएस या सार्वजनिक प्रसारण संस्थेने एप्रिल २०१५ मध्ये इंटरनेटवर खुली केली. त्या महिन्याच्या ३० तारखेला व्हिएतनाममधल्या सायगॉन शहराच्या पाडावाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती. मूळ कथा नाम ले यांची, चित्रं मॅट हुइन यांची, ध्वनी सॅम पेटी यांचा आणि निर्मिती कायली बोल्टिन यांची. ही चित्रकथा पाहायला कसलंही खास यंत्र लागत नाही. ब्राउझर उघडायचा आणि स्क्रोल करत जायचं, एवढंच.

‘इंटरॅक्टिव्ह’ हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर बटणं येतात, पर्याय येतात, ‘आता तुम्ही ठरवा’ असं सांगणारे बाण येतात. वाचकाच्या हातात जितकं जास्त तितकं माध्यम पुढारलेलं, असा एक सरसकट समज आहे. निर्वासिताच्या गोष्टीपाशी मात्र तो समज अडखळतो. कुठली बोट, किती दिवस, पाणी कुणाला किती, किनारा कुठला, यातलं काहीही ज्या माणसाच्या हातात नव्हतं, त्याची गोष्ट सांगताना वाचकाच्या हातात काय आणि किती ठेवायचं? अशा रूपांतरातला सगळ्यांत अवघड निर्णय हाच असतो. रंग, ॲनिमेशन, तंत्रज्ञान हे सगळं त्याच्या मागून येतं.

‘द बोट’मागचा इतिहास थोडक्यात असा. ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तर व्हिएतनामचे रणगाडे सायगॉनमध्ये शिरले आणि युद्ध संपलं. त्यानंतर जुन्या राजवटीतले सैनिक आणि अधिकारी ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांमध्ये पाठवले गेले. १९७८ मध्ये खासगी व्यापारावर सरकारने टाच आणली आणि विशेषतः चिनी वंशाच्या कुटुंबांना देशात राहणं कठीण झालं. लोक रात्री किनाऱ्यावर जमू लागले. नदीत आणि किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लाकडी बोटी खुल्या समुद्रात निघाल्या. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत सुमारे ८ लाख व्हिएतनामी माणसं समुद्रमार्गे परदेशाच्या किनाऱ्याला लागली. जी लागली नाहीत त्यांची मोजदाद कुणीच केली नव्हती. वादळं होती, तहान होती, बंद पडणारी इंजिनं होती आणि थायलंडच्या आखातात समुद्री चाचे होते. मलेशियाचं पुलाऊ बिडोंग हे जेमतेम एक चौरस किलोमीटरचं बेट. १९७९ च्या मध्यावर तिथे ४० हजारांच्या आसपास माणसं दाटीवाटीने राहत होती.

ऑस्ट्रेलियाला पोचलेली अशी पहिली बोट २६ एप्रिल १९७६ रोजी डार्विन बंदरात आली. तिचं नाव ‘किएन जांग’. तीत पाच पुरुष होते आणि दिशा ओळखण्यासाठी त्यांच्याजवळ शाळेच्या नकाशापुस्तकातलं एक पान होतं. पुढच्या पाच वर्षांत अशा बोटींनी थेट आलेल्यांची संख्या २,०५९ भरली. बाकीचे हजारो लोक आशियातल्या छावण्यांतून रीतसर निवड होऊन विमानाने आले. किएन जांग हे दक्षिण व्हिएतनाममधल्या एका प्रांताचंही नाव होतं आणि राच जा हे त्याचं मुख्य शहर. याच राच जामध्ये १९७८ साली नाम ले यांचा जन्म झाला. वर्षाचेही नव्हते तेव्हा आई-वडील त्यांना घेऊन बोटीने निघाले.

म्हणजे ज्या प्रवासाची कथा त्यांनी लिहिली तो त्यांनी केला होता, पण त्यातलं त्यांना काहीही आठवणं शक्य नव्हतं. या अडचणीचं भान त्यांच्या पुस्तकात पहिल्या पानापासून आहे. वकिली सोडून ते अमेरिकेत आयोवाला लेखन शिकायला गेले. २००८ मध्ये त्यांचा ‘द बोट’ हा सात कथांचा संग्रह आला आणि त्याला त्या वर्षीचा डिलन टॉमस पुरस्कार मिळाला. संग्रहातल्या पहिल्या कथेचा नायक नाम याच नावाचा, आयोवातच शिकणारा तरुण लेखक आहे. बोटीतून आलेल्या लोकांबद्दल लिही, सध्या तेच खपतं, असं त्याला भोवतालचे लोक सुचवतात. शेवटी तो वडिलांच्या आयुष्यातला एक भयंकर प्रसंग लिहून काढतो आणि वडील ते हस्तलिखित जाळून टाकतात. त्यानंतरच्या कथा कोलंबियात, हिरोशिमात, तेहरानमध्ये, न्यूयॉर्कमध्ये घडतात. शेवटच्या कथेत मात्र लेखक बोटीत चढतो.

दुसऱ्याच्या दुःखावर आपण का लिहावं, हा प्रश्न पुस्तकाच्या दारातच उभा आहे. रूपांतर करणाऱ्यांनी सातांपैकी फक्त शेवटची कथा उचलली. त्यामुळे तो प्रश्न मजकुरातून गेला, आणि गेला म्हणून त्याचं उत्तर चित्रांना द्यावं लागलं.

कथा अशी. सोळा वर्षांच्या माईला घरचे एकटीलाच एका बोटीवर चढवून देतात. बोट खच्चून भरलेली आहे. माईची क्वेन नावाच्या स्त्रीशी आणि तिच्या त्रुओंग या लहानग्या मुलाशी गाठ पडते. हे पोर अबोल आहे आणि माईचा त्याच्यावर जीव जडतो. वादळ येऊन जातं, पाणी संपत येतं, माणसं एकेक करून मरू लागतात. शेवटी त्रुओंगही जातो आणि त्याचा देह समुद्राच्या स्वाधीन करावा लागतो.

हुइन यांचे आई-वडील व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आले आणि ते स्वतः सिडनीत वाढले. चित्रांसाठी त्यांनी संगणकाची पेन्सिल घेतली नाही. शाई आणि कुंचला घेतला. पूर्व आशियात शाईचित्रांची जुनी परंपरा आहे आणि तिचा एक गुण इथे फार उपयोगी पडला. कुंचल्यात शाई भरपूर असली की रेघ जाड, ओली, काळीभोर उमटते. तोच कुंचला सुकत आला की रेघेचे तंतू सुटतात आणि मधून कागद दिसू लागतो. ओल्या रेघेची लाट होते, सुकलेल्या रेघेचा वारा होतो. न रंगवलेला कागद कधी आकाश असतो, कधी ऊन, तर कधी समुद्राच्या मधोमध पसरलेलं ते काहीच नसणं. पाण्यात विरघळणाऱ्या शाईने पाण्यात बुडणाऱ्या माणसांची गोष्ट काढली गेली, आणि हा मेळ वाचकाला शब्दांत सांगावा लागत नाही. तो डोळ्यांना दिसतो.

चित्रकथेचं व्याकरण ज्यांनी सोप्या भाषेत उलगडून दाखवलं त्या स्कॉट मॅक्क्लाउड यांचा १९९३ च्या ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’मधला एक मुद्दा इथे कामी येतो. दोन चौकटींमध्ये कोऱ्या कागदाची एक पट्टी असते. एका चौकटीत उगारलेली कुऱ्हाड दिसते आणि पुढच्या चौकटीत शहरावर उमटलेली किंकाळी. घाव कुणीच काढलेला नाही. तो त्या पट्टीत, वाचकाच्या मनात पडतो. निर्वासितांच्या गोष्टींमध्ये ही पट्टी फार महत्त्वाची ठरते. लहान मुलाचा मृत्यू चौकटीत दाखवायचा की दोन चौकटींच्या मधे ठेवायचा? दाखवला तर मृत्यूचा देखावा होण्याची भीती, टाळला तर घटनाच पुसट होण्याची. कागदावर ही पट्टी सहसा अरुंद असते आणि बहुतेक ठिकाणी सारखीच असते. वेबवर ती हवी तितकी लांबवता येते. याच मॅक्क्लाउड यांनी २००० साली ‘अमर्याद कॅनव्हास’ची कल्पना मांडली होती. स्क्रीन म्हणजे पान असं समजू नका, ती खिडकी आहे, तिच्यामागे चित्र कितीही लांब पसरलेलं असू शकतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन चौकटींच्या मधे नुसतं कोरं पाणी ठेवून द्या. वाचक स्क्रोल करत राहील, काहीच येणार नाही, आणि तो वेळ त्याला अंगठ्यात जाणवेल.

मराठी माणसाला चित्रामागून चित्र दाखवत गोष्ट सांगण्याची रीत नवी नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलावंत पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी करत आले आहेत. परशुराम गंगावणे यांना या परंपरेच्या जतनासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या एका आख्यानाची चित्रं म्हणजे एक पोथी. कलावंत एकेक चित्र समोर धरतो आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने त्यातला प्रसंग गाऊन, बोलून सांगतो. कुठल्या चित्रावर किती रेंगाळायचं हे श्रोत्यांच्या चेहऱ्यांकडे पाहून ठरतं. बायाबापड्यांचे डोळे भरून आले की चित्र हातात जरा जास्त वेळ राहतं.

वेबवरच्या चित्रकथेत हा कलावंत समोर बसलेला नसतो. वाचक रात्री दोनला अंथरुणात पडून वाचतोय की लोकलमध्ये उभ्याने, हे कुणालाच माहीत नसतं. चित्र केव्हा पुढे न्यायचं हे त्याच्या हातात गेलेलं असतं. म्हणून कलावंताचं ते थांबणं, रेंगाळणं आणि आवाज खाली आणणं आधीच विचारपूर्वक संगणकाच्या आज्ञावलीत लिहून ठेवावं लागतं.

ते कसं लिहितात हे समजून घेण्यासारखं आहे. कागदावरचं चित्र स्कॅन झालं की त्याचे थर वेगळे केले जातात. पुढची लाट, मागची लाट, बोट, माणसं, आकाश असा प्रत्येक भाग सुटा होतो. वाचक स्क्रोल करतो तेव्हा जवळचा थर भराभर सरकतो आणि दूरचा हळू. धावत्या गाडीतून रुळालगतचे खांब झपाझप मागे जातात आणि डोंगर मात्र सोबत चालल्यासारखा वाटतो, तसंच हे. एवढ्याने सपाट शाईला खोली येते. चौकट कलणार असेल तर चित्र चौकटीपेक्षा मोठं काढावं लागतं, नाहीतर कलताना कडेचा कोरा कोपरा उघडा पडतो आणि समुद्राचा भ्रम तुटतो. जगभरात मोबाइल उभा धरला जातो आणि संगणकाचा पडदा आडवा असतो, त्यामुळे एकच दृश्य दोन्ही आकारांत पेलेल असं बेतावं लागतं. चित्रं जड असली तर मंद इंटरनेटवर नेमक्या वादळाच्या वेळी पान अडकून बसतं. म्हणून वाचक एका प्रसंगात असताना पुढच्या प्रसंगाची चित्रं मागच्या दाराने आधीच उतरवून घेतली जातात.

ध्वनीचं काम तर याहून नाजूक. चित्रपटाच्या ध्वनिसंयोजकाला कुठल्या सेकंदाला काय घडणार हे ठाऊक असतं. इथे मात्र ज्या प्रसंगावरून एक वाचक वीस सेकंदांत पुढे जाईल, तिथेच दुसरा चार मिनिटं थांबेल. वाऱ्याचा आवाज मधेच संपून चालत नाही, आणि तोच तुकडा पुन्हा सुरू झाल्याचं कानाला कळूनही चालत नाही. मग सुरुवात आणि शेवट ओळखू न येणारे तुकडे तयार करून स्क्रोलमधल्या ठरावीक ठिकाणांना बांधावे लागतात, आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना ते एकमेकांत विरघळावे लागतात. चांगलं जमलं तर कुणाच्याही लक्षात येत नाही.

आता पुन्हा हातातल्या सत्तेचा मुद्दा. ‘द बोट’मध्ये वाचकाला एकही निवड दिलेली नाही. माईने कुणाशी बोलावं, पाणी कुणाला द्यावं, असं काहीही त्याला विचारलं जात नाही. त्याला फक्त पुढे जाता येतं. शिवाय तो पुढे जात असताना दृश्य त्याच्या इच्छेविना हलत राहतं. स्क्रोल करणारा हात आपला, पण कलणं समुद्राचं. ही योजना अत्यंत योग्य आहे. इथे एखादं बटण दिलं असतं, मुलाला वाचवण्याचा पर्याय दिला असता, तर त्रुओंगच्या मरणाचा खेळ झाला असता आणि वाचक दुसऱ्या खेपेस ‘बरोबर’ उत्तर शोधत बसला असता.

स्क्रोलवरचा वाचकाचा ताबा काढून घेण्याची युक्ती मात्र पूर्वी भलत्याच कामासाठी वापरली गेली होती. दक्षिण कोरियात मोबाइलवर उभ्या पट्टीसारख्या वाचायच्या वेबटून कथा घरोघरी वाचल्या जातात. २०११ मध्ये होरांग या चित्रकाराने बोंगचॉन-डोंगच्या भुताची एक वेबटून केली. वाचक निवांत स्क्रोल करत असतो आणि अचानक पान आपणहून धावू लागतं, भूत मान वळवून अंगावर येतं. जगभरातले वाचक किंचाळले. दचकवण्यापुरतीच असलेली ही युक्ती अवघ्या चार वर्षांत निर्वासितांच्या बोटीपर्यंत पोचली. मधल्या काळात, डिसेंबर २०१२ मध्ये, न्यूयॉर्क टाइम्सचा हिमप्रपातावरचा ‘स्नो फॉल’ हा दीर्घ लेख आला. स्क्रोलबरोबर चित्रं, चलचित्रं आणि नकाशे उलगडत नेण्याची पद्धत त्यानंतर पत्रकारितेत सर्रास झाली. माध्यमांची वाढ अशीच होत असते. कुणी कशासाठी शोधलेलं हत्यार दुसऱ्याच कामाला येतं.

वाचकाच्या हातात खरोखर पर्याय देणारं एक उदाहरण मात्र फार विचारपूर्वक घडवलेलं आहे. डिसेंबर २०१५ मध्ये फ्रान्सच्या ‘ल माँद’ने सीरियातून निघालेल्या एका तरुणीच्या प्रवासाचा वृत्तान्त छापला, तोही तिच्या व्हॉट्सॲप संदेशांतून. पत्रकार होत्या लुसी सुलिए. तो वाचून फ्लोराँ मोराँ यांना एक कल्पना सुचली आणि त्यांच्या चमूने ‘बरी मी, माय लव्ह’ ही चित्रांनी सजलेली संवादकथा तयार केली. ती २०१७ मध्ये मोबाइलवर आली. ‘मला तू मूठमाती दे’ अशा अर्थाचा एक लाडका शब्दप्रयोग अरबीत आहे. माझ्याआधी तू जाऊ नकोस, जपून राहा, असं त्यातून सांगायचं असतं. नाव त्यावरूनच आलं.

यातली नूर होम्स शहर सोडून युरोपकडे निघाली आहे. वाचक नूर नाही. तो तिचा नवरा मज्द आहे आणि घरीच राहिला आहे. तिचे संदेश येतात, फोटो येतात, आणि त्याने उत्तर द्यायचं. पैसे कुठे लपवू? या दलालावर विश्वास ठेवू का? बोटीने जाऊ की सीमेवरून चालत? मज्द सल्ला देतो. नूर तो कधी ऐकते, कधी नाही. नूर सीमेच्या दिशेने निघते आणि मग तासन्‌तास काहीच येत नाही. हे तास खरे तास असतात. वाचक आपल्या कामाला लागतो, जेवतो, झोपतो, आणि मध्यरात्री फोन वाजतो. मुलगा परदेशी गेलेल्या घरात फोन कसा उशाशी ठेवून झोपतात, तेच हे. कथेचे शेवट १९ आहेत आणि त्यातले काही मृत्यूचे आहेत. पर्याय असूनही इथे खेळ होत नाही, कारण वाचकाला ज्याची सत्ता दिली आहे तो दूर बसलेला, हतबल, फक्त काळजी करू शकणारा माणूस आहे. घडवणाऱ्यांनी मूळ वृत्तान्तातल्या तरुणीला आणि तिच्या कुटुंबालाही सल्ल्यासाठी सोबत घेतलं होतं.

दोन्ही कृतींमधला एक फरक काळाने आणला आहे. माईच्या बोटीवर फोन असणं शक्यच नव्हतं. नूरच्या पिढीचा प्रवास फोनवरच चालतो. नकाशा, दलालाचा नंबर, आईचा आवाज, सगळं त्या एका काचेत. इराणी कुर्द लेखक बेहरूज बुचानी यांनी तर मॅनस बेटावरच्या ऑस्ट्रेलियाच्या छावणीत अडकलेले असताना आपलं पुस्तक फारसीत व्हॉट्सॲप संदेशांमधून लिहून बाहेर पाठवलं. ते २०१८ मध्ये प्रकाशित झालं. त्याआधी, २०१३ पासून, बोटीने येणाऱ्या कुणालाही देशात वसू द्यायचं नाही, त्यांना माघारी वळवायचं किंवा मॅनस आणि नाऊरू इथे ठेवायचं, असं ऑस्ट्रेलियाचं धोरण होतं. ‘द बोट’ त्या धोरणाच्या ऐन काळात आली. चाळीस वर्षांपूर्वीच्या बोटीचं चित्र २०१५ च्या ऑस्ट्रेलियन वाचकाला केवळ स्मरण म्हणून पाहता येणं शक्य नव्हतं.

मग छायाचित्रं का नकोत? बोटींची छायाचित्रं तर वर्तमानपत्रांत रोज येत होती. एक कारण साधं आहे. त्या बोटीवर, रात्री, तळाच्या अंधारात कुणाकडेही कॅमेरा नव्हता. दुसरं कारण जास्त जोखमीचं. छायाचित्रातला चेहरा ओळखता येतो, आणि मागे राहिलेल्या नातलगांना त्याची किंमत मोजावी लागू शकते. चित्रकार चेहरा बदलू शकतो, नाव झाकू शकतो आणि तरीही हातांची ठेवण, बसण्याची ढब, पिशवीत काय काय कोंबलं होतं, हे खरंखुरं ठेवू शकतो. जर्मन चित्रकार ऑलिव्हिए कुगलर यांनी सीरियातल्या निर्वासितांना भेटून त्यांची रेखाटनं केली. ती ‘एस्केपिंग वॉर्स अँड वेव्हज’ या पुस्तकात २०१८ मध्ये आली. त्यांच्या रेखाटनांत माणसाइतक्याच आस्थेने त्याच्या भोवतीच्या वस्तू येतात.

निर्वासिताने स्वतःच साधन हातात घेतलं की सूर बदलतो. सीरियातून ऑस्ट्रियात पोचलेले अब्दुल्ला करम यांची ‘पाथ आउट’ ही कृती २०१७ ची. जुन्या व्हिडिओ गेमसारखी दिसणारी, त्यांच्याच पलायनाची गोष्ट. खेळताना कोपऱ्यात खुद्द करम यांचं चलचित्र दिसत राहतं. खेळणाऱ्याने चूक केली आणि पडद्यावरचा अब्दुल्ला मेला की कोपऱ्यातला जिवंत अब्दुल्ला त्यावर बोलतो. आपली गोष्ट दुसऱ्याच्या हातात देताना तो स्वतः तिथून हललेला नाही.

आपल्याकडे फाळणीवरचा ‘धिस साइड, दॅट साइड’ हा चित्रकथांचा संग्रह विश्वज्योती घोष यांनी २०१३ मध्ये सिद्ध केला. त्यात भारत, पाकिस्तान आणि बांगलादेश अशा तिन्ही देशांतले लेखक-चित्रकार एकत्र आले. पुष्कळ कथांमध्ये लिहिणारा सीमेच्या एका बाजूचा आणि काढणारा दुसऱ्या बाजूचा होता. तो कागदावरचा संग्रह आहे. पण त्याच विषयाचा एक मोठा तुकडा महाराष्ट्रात, कल्याणजवळ आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली कुटुंबं राहिली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीची उल्हासनगर म्हणून पायाभरणी झाली. त्याच्याही आधी, १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. सोव्हिएत रशियातल्या हद्दपारीतून सुटून इराणमार्गे ती इथवर आली होती. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं.

या दोन गोष्टींना वादळाची कलणारी चौकट चालणार नाही. वळिवड्यात समुद्र नाही, वाट पाहणं आहे. पाच पावसाळे, तीच कौलं, तीच बराक, युद्ध संपल्याची बातमी आणि तरीही परत जायला उरलेला नसलेला देश. त्यासाठी ‘बरी मी, माय लव्ह’मधल्या त्या रिकाम्या तासांसारखं काहीतरी लागेल. तीच खोली पुन्हा पुन्हा उघडावी, प्रत्येक वेळी ऋतू बदललेला दिसावा, आणि मुलगी मात्र उंचीने वाढलेली असावी. कोल्हापुरात दफनभूमीतल्या पोलिश कबरी आजही आहेत. चित्रकाराला सुरुवात करायला तेवढ्या पुरेशा आहेत.

एक धोका मात्र कागदाला नाही आणि वेबला आहे. २००६ मध्ये सुदानमधल्या दारफुरच्या निर्वासित छावणीवरचा ‘दारफुर इज डाइंग’ हा खेळ आला आणि लाखो लोकांनी तो खेळला. तो फ्लॅश या तंत्रावर उभा होता. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबीने फ्लॅशला दिलेला आधार थांबवला आणि त्या तंत्रावरची असंख्य कामं साध्या ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. पिंगुळीच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या. संगणकाची आज्ञावली दहा-पंधरा वर्षांत जुनी होते, आणि तिच्याबरोबर त्या माणसांनी मोठ्या विश्वासाने सांगितलेली गोष्टही बंद पडते. असं काम हाती घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने जतनाचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरायला हवा.

‘द बोट’नंतर हुइन आणखी एका इंटरॅक्टिव्ह चित्रकथेकडे वळले. तिचं नाव ‘कॅब्रामॅटा’. सिडनीच्या नैर्ऋत्येला असलेलं हे उपनगर व्हिएतनामी निर्वासितांनी गजबजवलं, आणि नव्वदच्या दशकात तेच हेरॉइनच्या व्यापारासाठी आणि टोळ्यांसाठी वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत गेलं. १९९४ मध्ये तिथल्या आमदाराचा त्याच्या घराबाहेर गोळ्या घालून खून झाला. पहिल्या कथेत बोट समुद्रावर आहे. दुसरीत ती केव्हाच किनाऱ्याला लागली आहे, आणि तीतून उतरलेल्यांची मुलं फो नावाच्या नूडल सूपच्या आणि भाजीपाल्याच्या दुकानांमधून, पोलिसांच्या गाड्यांना वळसा घालून, शाळेत निघाली आहेत. शाई तीच, कुंचलाही तोच.